नऊ इंचांची खुंटी

लालासाहेब मास्तरांच्या ट्रॅक्टरचं पुढचं डावं चाक मोडलेलं नव्हतं, हे त्यांनी पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात किमान दोनशे माणसांना समजावून सांगितलं असेल. मोडली होती ती खुंटी. पुढचं चाक ज्या उभ्या खुंटीवर डावीउजवीकडे वळतं, ती. नऊ इंच लांब, अंगठ्याहून थोडी जाड. तिला किंगपिन म्हणतात. पण ट्रॅक्टरचं नाक मातीत आणि चाक मांडी मोडून बसल्यासारखं आडवं, असा देखावा समोर असताना बारकावे ऐकून घ्यायला कुणी तयार नसे. येणारा म्हणे, "चाक मोडलं म्हणं, मास्तर." मास्तर म्हणत, "चाक नव्हे, किंगपिन." येणारा थोडा वेळ विचार करी आणि म्हणे, "म्हंजे चाकच की."

त्यातून ट्रॅक्टर बसला तो नेमका एसटीच्या थांब्यासमोर. शेतात बसला असता तर अब्रू चार बांधांच्या आत तरी राहिली असती. शिराळ्याला जाणारी सकाळची गाडी कधी वेळेवर आल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. त्यामुळे थांब्यावरच्या माणसाला सल्ला द्यायला तास-दीड तास सहज मिळे, आणि सल्ला ऐन रंगात आला की गाडी येई, म्हणजे उरलेला सल्ला संध्याकाळी परतल्यावर ऐकावा लागे.

ट्रॅक्टर परदेशी होता. कुठल्या देशाचा, यावर घरात दोन मतं होती. कारण त्याच्याबरोबर आलेलं माहितीपुस्तक ज्या लिपीत होतं ती लालासाहेबांना वाचता येत नव्हती, आणि लालासाहेबांना वाचता येत नाही अशी लिपी जगात असते हे घराला तोवर ठाऊक नव्हतं. पुण्याच्या एजंटाला त्यांनी सुटा भाग पाठवण्याविषयी पत्र लिहिलं. उत्तर आलं, की सदर देशाशी आमचा व्यवहार संपुष्टात आला असून सदर भाग यापुढे मिळणार नाही. आपल्या पुढील पत्राची वाट पाहत आहोत.

घरातल्या दोन बैलजोड्या विकून ट्रॅक्टर घ्यावा, ही कल्पना लालासाहेबांची. शेती बघत ते थोरले बंधू आकाराम. आकारामांनी आजवर भावाला विचारल्याशिवाय ज्वारीचं बियाणंसुद्धा घेतलं नव्हतं. स्वतः तिसरी शिकलेले. धाकट्याला सायकलीवर डबल सीट नेऊन मॅट्रिक केलं ते त्यांनीच, आणि इतकं शिकवलंय तर ते वापरलं पाहिजे असा त्यांचा सरळ हिशेब असावा. बैल गेले त्या दिवशीही ते चकार शब्द बोलले नाहीत. फक्त त्यानंतर ते रिकाम्या गोठ्याकडे फिरकले नव्हते, आणि ट्रॅक्टरवर एकदाही बसले नव्हते. खुंटी मोडल्यावर तिसऱ्या दिवशी जेवताना ते ताटाकडे बघत म्हणाले,

"लाला, चैतात खरसुंडीची जत्रा हाय. तवर ह्यो चालला तर चालला. न्हाईतर भंगारात दिऊ. मी बैल बघून येतो."

"दादा, अजून सहा आठवडे आहेत."

"व्हय. म्हणून तर आत्ता सांगतोय."

भंगाराचं लालासाहेबांना फारसं वाटलं नाही. 'बैल बघून येतो' हे शब्द मात्र लागले. 'बैल बघायला जाऊ या का' असं दादा म्हणाला नव्हता. त्याच आठवड्यात आकारामांनी विहिरीच्या मोटारीला नवा पट्टा आणला, कोपऱ्यातला पेरू तोडला आणि सोसायटीच्या सभेत हात वर केला, आणि यातलं काहीही लालाला विचारलं नाही. ट्रॅक्टरच्या आत काय मोडलंय ते गावाला कळलं नसेल. घरात काय मोडलंय ते लालासाहेबांना नीट कळलं होतं. तेव्हा खुंटी आपणच करायची असं त्यांनी ठरवलं.

प्रश्न एवढाच होता, की कोणत्या लोखंडाची.

नववीच्या वर्गाला ते सोळा वर्षं विज्ञान शिकवत होते. त्या पुस्तकात लोखंडाचे तीन प्रकार होते: बीड, घडीव लोखंड आणि पोलाद. पोलाद सर्वांत चांगलं. परीक्षेला इतकं पुरत असे. एसटीच्या थांब्यावर मात्र पोलादाचे जितकी माणसं तितके प्रकार निघाले, आणि ज्याच्या त्याच्या घरात जी वस्तू अजून मोडलेली नव्हती तिचं पोलाद त्याच्या मते सर्वांत उत्तम होतं. एसटीच्या ड्रायव्हरने ट्रकचा आस सुचवला. विहिरी खणणाऱ्याने सुरुंगाची पहार सुचवली. पलटणीतून पेन्शनीत आलेल्या एकाने, तोफेच्या नळीइतकं पोलाद अख्ख्या आशियात नाही, असं छातीवर हात ठेवून सांगितलं. पण तोफ कुठे मिळेल हे विचारल्यावर, ते सरकारकडे मागावं लागेल, म्हणाला. घरी लालासाहेबांच्या पत्नी विजयमालाबाईंनी त्यांना चहा देता देता आपल्या माहेरच्या मुसळाची आठवण काढली. त्या मुसळाची वसवी तीन पिढ्या टिकली होती.

"वसवी म्हणजे नुसतं कडं असतं," लालासाहेब म्हणाले.

"आमच्याकडचं कडंबी टिकतं," विजयमालाबाई म्हणाल्या, आणि कप उचलून आत गेल्या.

शेवटी ज्ञानू लोहाराचं मत मान्य झालं, कारण मत देऊन तो एसटीत बसून निघून गेला नाही. ज्ञानूचं म्हणणं, ट्रकची कमान, म्हणजे चाकांवरची पाट्यांची स्प्रिंग. कमानीचा पाटा म्हणजे जातिवंत पोलाद. त्याचा कोयता केला तर बाभळीला मागं सरत नाही. त्याने पाटा तापवला, ठोकून गोल केला, आणि शेवटी लालबुंद असताना हौदात बुडवून असं काही पाणी दिलं, की शेजारच्या घरातलं पोर जागं झालं. खुंटी वाजवली तर घंटेसारखी वाजायची. बसवली, ट्रॅक्टर उभा राहिला, लोकांनी नारळ फोडला. लालासाहेबांनी तो रस्त्यावरून शेताकडे वळवला आणि पहिल्याच बांधावर चाक चढलं, तेव्हा काचेचा कंदील पडावा तसा आवाज झाला.

ज्ञानूने दोन्ही तुकडे हातात घेऊन बराच वेळ पाहिले. "लोखंडात खोट न्हाई," तो म्हणाला. "बांधात हाय."

मग लालासाहेब मोडक्या मूळ खुंटीचे तुकडे पिशवीत टाकून कऱ्हाडला लेथवाल्याकडे गेले. लेथवाल्याने कपाटामागून एक सळई काढली, माइल्ड म्हणजे साधं मऊ लोखंड, आणि अशी सुबक खुंटी कातून दिली, की तिच्यात स्वतःचा चेहरा दिसावा. विजयमालाबाईंनी तिला हळदकुंकू लावलं. ही खुंटी मोडली नाही. तिने दोन दिवस नांगरट केली, आणि तिसऱ्या दिवशी चाक दारू प्यायल्यासारखं चालू लागलं. काढून बघितली तर मधोमध झिजून, चोखून टाकलेल्या उसाच्या कांडीसारखी झालेली, वर थोडी वाकलेलीही. लालासाहेबांनी अशा चार खुंट्या करून आणल्या होत्या. उरलेल्या तीन त्यांनी ओसरीच्या कोनाड्यात ठेवल्या आणि त्यांच्याकडे पुन्हा पाहायचं नाही असं ठरवलं.

एक कडक म्हणून तुटली, एक मऊ म्हणून झिजली. तेव्हा हवं ते मधलं, असा निष्कर्ष त्यांनी काढला. शास्त्रीय पद्धतीत निष्कर्ष काढल्यावर थांबायचं असतं की पुढे जायचं असतं, याबद्दल पुस्तकात काही नव्हतं. कुणीतरी सांगितलं, की खास मिश्र पोलाद असतं, कडकही आणि चिवटही; पण ते उघड्या बाजारात मिळत नाही, सांगलीच्या कचेरीतून परमिट काढावं लागतं. लालासाहेबांनी किरकोळ रजा टाकली.

कचेरीतल्या कारकुनाने त्यांना चार पानी अर्ज दिला. पहिल्या पानावर 'उद्योगाचे नाव' असा रकाना होता. लालासाहेबांनी 'शेती' लिहिलं.

"शेती हा उद्योग नाही," कारकून म्हणाला.

"मग काय आहे?"

"शेती ही शेती आहे. शेतकऱ्याला लोखंड विहिरीच्या कामाला मिळतं. तुमची विहीर आहे?"

"विहीर आहे, पण ती मोडलेली नाही."

"मग अवघड आहे." कारकुनाने पान उलटलं. "बरं, तुम्ही सुटे भाग बनवणार, तर लघुउद्योग लिहा. इथं पोलादाची प्रत लिहा."

लालासाहेबांनी क्षणभर विचार करून वळणदार अक्षरात 'उत्तम' लिहिलं.

कारकुनाने चष्मा वर केला. "उत्तम अशी प्रत नसते. नंबर असतो. तुम्हाला कोणतं पोलाद हवंय हे तुम्हाला माहीत नाही का?"

"मधलं," लालासाहेब म्हणाले.

"आपण काय करता?"

एरवी या प्रश्नाचं उत्तर ते मान ताठ करून देत. त्या दिवशी त्यांनी सांगितलं, "शिक्षक आहे," आणि विषय सांगितला नाही. पण कारकून चिकाटीचा होता. "विषय?" लालासाहेबांनी खिडकीबाहेर पाहत, "भूगोल," असं सांगितलं. आयुष्यात त्यांनी सांगितलेल्या थोड्या खोट्यांपैकी हे एक, आणि त्याचा फायदा काहीच झाला नाही. कारण पुढच्याच रकान्यात किमान मागणी एक टन असल्याचं निघालं. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी गणित केलं. एका टनात अकराशे किंगपिन होत होत्या. रोज एक मोडली तरी तीन वर्षं पुरल्या असत्या.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून ते मिरजेच्या रस्त्याला भंगाराचे ढीग बघायला गेले. छोटी लाइन जाऊन मोठी आल्यापासून तिथे रुळांच्या तुकड्यांचे डोंगर पडले होते. भंगारवाला चहा पीत होता. "कसलं पोलाद पायजे?" त्याने विचारलं. लालासाहेबांना आता या प्रश्नाची धास्ती बसली होती. ते म्हणाले, "तुम्हाला कसं ओळखू येतं, कोणतं कसलं ते?"

भंगारवाल्याने कप खाली ठेवला, त्यांना अंधाऱ्या शेडमध्ये नेलं आणि मोटारीवरचं सहाणेचं चाक सुरू केलं. एक सळई टेकवली. पिवळ्या ठिणग्यांच्या लांब सरळ रेघा निघाल्या, झाडूच्या काड्यांसारख्या. "ही मऊ. खिळ्याचं लोखंड." मग कमानीचा तुकडा टेकवला. ठिणग्या अर्ध्या वाटेत फुटल्या, त्यांना फाटे फुटले, फाट्यांना पुन्हा फुलं आली. "ही कडक. जितकी फुलं तितकं कडक." त्याने रुळाचा तुकडा लावला, पहारीचा लावला, आणि प्रत्येकाने आपापली दारू उडवली.

लालासाहेब पाऊण तास तिथे उभे होते. कार्बन जास्त असेल तर पोलाद कडक होतं, हे वाक्य त्यांनी फळ्यावर सोळा वेळा लिहिलं होतं. पण कार्बन दिसतो, फुलासारखा दिसतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांची एक गाडी चुकली. मग त्यांना पिशवीतल्या तुकड्यांची आठवण झाली. परदेशी खुंटी कसली आहे ते कळलं की संपलं. भंगारवाल्याने तुकड्याची बाहेरची बाजू टेकवली. भरगच्च फुलं. "कडक," तो म्हणाला. मग मोडलेली बाजू, आतला गाभा टेकवला. लांब सरळ रेघा, फूल नाही.

त्याने मोटार बंद केली. "मास्तर, ह्यात भेसळ हाय."

तुकडे मांडीवर घेऊन लालासाहेब दुसऱ्या गाडीत बसले. इतक्या लांबचा देश, तोही असा निघावा, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. शेजारी एक म्हातारा बसला होता, हरिबा नावाचा. साखर कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून राबून घरी बसलेला. त्याने न विचारता एक तुकडा उचलला, अंगठा फिरवला, मोडलेल्या बाजूला नख लावलं.

"कुठं गावली ही?"

लालासाहेबांनी सगळं सांगितलं. भेसळीचंही.

"भेसळ न्हवं गड्या, कातडं हाय," हरिबा म्हणाला. "आतलं मऊच ठिवायचं असतंय. वरनं तेवढं कडक करत्यात, पोस्टकार्डाच्या जाडीचं. समदंच कडक केलं की तुटतंय. समदंच मऊ ठिवलं की झिजतंय. तुमी दोनी करून बगितलासा."

"मग पोलाद कोणतं घ्यायचं?"

"पोलाद कशाला? साधं लोखंड. ते कऱ्हाडचं हाय न्हवं कोनाड्यात, तेच."

लालासाहेब दोन जिल्हे पालथे घालून जे शोधत होते ते घरच्या ओसरीत होतं, आणि त्याच्याकडे पुन्हा पाहायचं नाही असं त्यांनीच ठरवलं होतं. हरिबाने पुढची रीत सांगितली, ती त्यांनी तिकिटाच्या पाठीमागे उतरवून घेतली. पाइपाच्या तुकड्यात खुंटी ठेवायची. भोवती कोळशाचा चुरा, जुनं कातडं आणि बैलाच्या खुरांच्या चकत्या ठासून भरायच्या. दोन्ही तोंडं मातीनं लिंपायची. आठ तास लाल ठेवायचं, मग एकदम काढून तेलात. "मधी उगडलं तर गेलं," हरिबा म्हणाला. "वारा लागला की समदं बाद."

दरम्यान नववीचे पेपर तपासायला आले होते. 'पोलादाचे दोन उपयोग लिहा' असा प्रश्न त्यांनीच काढलेला. एका विद्यार्थ्याने लिहिलं होतं, 'पोलादाचा उपयोग आमच्या सरांच्या ट्रॅक्टरला होत नाही.' लालासाहेबांनी लाल पेन्सिल उचलली, खाली ठेवली, आणि त्याला अर्धा गुण दिला.

खुरांच्या चकत्या मिळवणं सोपं होतं. शिराळ्याच्या बाजारात नालबंद बैलांना पत्र्या मारतो, तेव्हा खूर तासून पडलेल्या चकत्यांकडे कुणी बघत नाही. लालासाहेबांनी धोतराचा सोगा आवरून त्या स्वतः वेचल्या. अर्धं पोतं भरलं. ओळखीच्या चार पालकांनी नमस्कार केला आणि काही विचारलं नाही. कातड्यासाठी मात्र ते गावात घरोघर फिरले आणि फाटक्या चपला मागितल्या. कशाला, असं विचारलं की 'प्रयोगासाठी' म्हणत. शेजारच्या हरणाबाईंनी घाईत कोपऱ्यातलं एक पायताण दिलं. ते त्यांच्या मालकांचं होतं, आणि फाटकं नव्हतं. त्याच संध्याकाळी त्यांच्या म्हशीने दुधाला लाथ मारली. या दोन घटनांचा संबंध लावायला हरणाबाईंना दोन दिवस लागले.

ज्ञानूची भट्टी शनिवारीच मोकळी असे, कारण शनिवारी लोखंडाचं काम कुणी आणत नाही. ज्ञानू स्वतःही त्या दिवशी ऐरणीला हात लावत नसे; पण हे काम लोखंडाचं नसून कातड्याचं आहे असं लालासाहेबांनी पटवल्यावर भाता ओढायला तयार झाला. सकाळी आठला पाइप भट्टीत गेला. नऊला वास सुटला. जळक्या खुरांचा आणि सतरा घरांच्या चपलांचा तो वास होता. माळकऱ्यांच्या आळीने खिडक्या लावून घेतल्या. दहाला पहिली माणसं आली. एक वाजता हरणाबाई आल्या.

"मास्तर, माझ्या मालकाचं पायताण कुठाय?"

"ह्यात आहे," लालासाहेब म्हणाले. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं.

"शनवारी? खुरासंगट? मातीत पुरून जाळताय व्हय?" हरणाबाई मागे वळून जमलेल्यांना म्हणाल्या, "ऐकलंसा? कबूल केलंय. म्हस माझी आटली ती काय उगं न्हाई."

लालासाहेबांनी कार्बनबद्दल सांगायला सुरुवात केली. उष्णतेने कातड्यातला कार्बन सुटा होतो आणि लोखंडाच्या अंगात शिरतो, असं ते म्हणाले. 'अंगात शिरतो' एवढंच लोकांनी नीट ऐकलं. ज्ञानूने भात्याची साखळी सोडली आणि धोतराला हात पुसत उठला. "मास्तर, मला ह्यातलं म्हाईत न्हवतं. माझ्या भट्टीचं नाव जाईल." तो बाजूला जाऊन उभा राहिला. निखाऱ्यांवर राख धरू लागली.

कुणीतरी पोलीस पाटलांना घेऊन आलं. जोतिबा पाटील पलटणीत नाईक होते. तपास म्हटलं की पाठ ताठ करायचे. "पाइप उगडा," ते म्हणाले. "काय हाय ते बगू, आन मिटवू."

"आत्ता उघडला तर वाया जाईल. तीन तास राहिलेत."

"मास्तर, तुमचा मान हाय मला. पर गावाचं समाधान व्हायला पायजे. कोण हाय रं, चिमटा आणा."

लालासाहेब भट्टीपुढे उभे राहिले. पन्नाशीला आलेला, टोपी घातलेला, काळवंडलेला माणूस, हातात कानस. कानस कशाला धरली होती हे त्यांनाही सांगता आलं नसतं. जत्रा बुधवारी होती. दुसरी खेप करायला ना खुरं होती, ना शनिवार, आणि गावातल्या चपलाही संपल्या होत्या.

तेवढ्यात माणसं बाजूला झाली आणि आकाराम आले. ते रानातून आले होते, खांद्यावर खोरं होतं. त्यांनी भट्टी पाहिली, हरणाबाईंना पाहिलं, पाटलांना पाहिलं. खोरं भिंतीला टेकवून ठेवलं आणि भात्याजवळ बसले. "लाला, किती ऱ्हायलं म्हणलास?"

"तीन तास, दादा."

आकारामांनी साखळी ओढली. राख उडाली, निखारे लाल झाले.

"आकाराम, ह्ये काय हाय तुला तरी म्हाईत हाय का?" पाटलांनी विचारलं.

"न्हाई," आकाराम म्हणाले, आणि पुन्हा साखळी ओढली. "उगडायचं न्हाई, पाटील. बसा. चार वाजता बगा."

पाटील बसले. ते बसल्यावर गाव बसलं. ज्याला त्याला घरी काम होतं, पण उठून गेलं तर पुढचं चुकणार होतं. हरणाबाईंनी मधे जाऊन म्हशीला पाणी दाखवलं आणि परत येऊन आपली जागा घेतली. आकारामांनी तीन तास भाता ओढला, एकदाही कुणाकडे न बघता. सदरा भिजून पाठीला चिकटला. लालासाहेबांनी दोनदा साखळी मागितली, ती त्यांनी दिली नाही.

चार वाजता माती फोडली. ज्ञानूचा धीर आता परत आला होता. त्यानेच चिमट्याने खुंटी काढून जळक्या ऑइलच्या डब्यात सोडली. धूर निवल्यावर ती बाहेर आली, काळी, भाजलेल्या कणसासारखी. पाटलांनी जागेवर पंचनामा लिहिला: 'एक लोखंडी खुंटी, नऊ इंच, गरम. इतर संशयास्पद काही नाही.' ज्ञानूने तिच्यावर कानस चालवली. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली. त्याने पुन्हा चालवून बघितली, मग कानसच उजेडात धरून तिचे दाते तपासले.

"आन पायताण?" हरणाबाईंनी विचारलं.

"ते खुंटीत गेलं," लालासाहेब म्हणाले.

हरणाबाईंनी खुंटी निरखून पाहिली. "मग एक डाव मालकास्नी ट्रॅक्टरवर बसवा," त्या म्हणाल्या. ती मागणी वाजवी होती. रविवारी ट्रॅक्टर उभा राहिला तेव्हा हरणाबाईंचे मालक नव्या चपला घालून मडगार्डवर बसले होते. त्या दिवशी आणि सोमवारी मिळून तीन एकर नांगरून झाले. वाटेतले तिन्ही बांध ओलांडले. लालासाहेब दर तासाला खाली उतरून चाक हलवून बघत. ते हलत नव्हतं.

सोमवारी जेवताना ते वाट बघत होते. आकारामांनी भाकरी संपवली, पाणी प्यायले.

"ट्रॅक्टर आता मोकळा हाय न्हवं?"

"आहे की, दादा. नदीकडचं रान घेऊ या?"

"न्हाई. ट्रॉली जोड. खरसुंडीला जायचंय."

विजयमालाबाईंनी पदर तोंडाला लावला. लालासाहेबांनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि उठले. चालला तर चालला, असं दादा म्हणाला होता. चालला तर बैल घेणार नाही, असं तो कुठे म्हणाला होता? शब्द नीट ऐकायचे असतात, हे ते वर्गात रोज सांगत.

पन्नासाच्या वर मैलांचा रस्ता त्यांनी स्वतः हाकला. मंगळवारी पहाटे निघाले, विट्याच्या पुढे ऊन चढलं, हिरवं संपून माळ लागला. आकाराम मागे ट्रॉलीत कडब्यावर उभे होते. एकदा चाकात दगड अडकला म्हणून थांबले, तेव्हा ते उतरून पुढे आले, वाकून खुंटीच्या जागी हात लावून बघितला आणि परत मागे चढले.

जत्रेत धुळीत जिकडेतिकडे खिलार उभी होती. बुधवारी उजाडल्यापासून आकाराम हिंडत होते. त्यांनी चाळीसएक जोड्या पाहिल्या. दात बघितले, वशिंडावर हात फिरवला, शेपटीचा गोंडा धरून बघितला, चालवून बघितलं, आणि कुठेच थांबले नाहीत. लालासाहेब चार पावलं मागून चालत होते. बैलातलं त्यांना काही कळत नव्हतं. टोपीवर धूळ बसली होती, आणि आपण इथे ड्रायव्हर म्हणून आलोय हे त्यांनी मनाशी मान्य केलं होतं.

माणदेशातल्या कोंडीबा नावाच्या एकाच्या जोडीजवळ आकाराम थांबले. पांढरी, मागे वळलेल्या लांब शिंगांची जोडी. त्यांनी एकाच्या पाठीवर हात ठेवला तो उचलला नाही. घ्यायची ठरली हे कोंडीबालाही कळलं असावं; तो उपरण्याखाली बोटांनी भाव करायला पुढे झाला. तेव्हा आकाराम मागे वळले.

"लाला. कसं वाटत्यात?"

लालासाहेब पुढे आले, धोतर आवरून धुळीत उकिडवे बसले आणि आठही खुरं एकेक करून बघितली. बाहेरची कड अंगठ्याने दाबली. आतून बघितलं. एवढंच त्यांना येत होतं.

"खुरं चांगली आहेत, दादा," ते म्हणाले.

आकारामांनी मान हलवली आणि कोंडीबापुढे हात केला.

"मास्तर लय बारकाईनं बगत्यात," कोंडीबा म्हणाला.

"व्हय," आकाराम म्हणाले. "त्येला इचारल्याबिगर आमी काय घेत न्हाई."